सभागृहातील प्रश्न आणि दवाखान्यातील वास्तव

नागपूरचे हिवाळी अधिवेशन आटोपल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. आमदार आणि खासदार आरोग्य व दिव्यांग सेवांबद्दल सरकारला जाब विचारतात, त्याचे पुढे नेमके काय होते, आणि त्यातून सामान्य माणसाच्या हाती काय लागते, असे वाचकांनी कळकळीने विचारले आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सिझेरियनची वेळ आली की बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवतात. आमच्या आमदारांनी यावर विधानसभेत प्रश्न विचारला. छापील उत्तरात पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’, पुढे ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिले आहे. यातून आम्ही काय समजायचे? (एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आपल्याला आलेले उत्तर अपवादात्मक नाही, आणि ते असे का आले हे आमदारांच्या प्रश्नाच्या मसुद्यातच पाहावे लागेल. आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. पहिल्या भागात एखादी परिस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’ असे विचारले जाते. दुसऱ्या भागात ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, तिसऱ्यात ‘चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असे विचारलेले असते. हा प्रश्न विधानभवनातून मंत्रालयातील संबंधित कक्षाकडे, तेथून आरोग्य सेवा संचालनालयाकडे, मग परिमंडळाच्या उपसंचालकांकडे आणि अखेरीस जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातो. उत्तराचा मसुदा त्याच वाटेने वर येतो. वाटेतला प्रत्येक अधिकारी एवढीच काळजी घेतो की आपल्या मंत्र्यांच्या तोंडी चुकीचे विधान जाऊ नये. ही काळजी योग्यच आहे. पण प्रश्न सैल असेल तर याच काळजीपोटी उत्तरही सैल होते.

‘तज्ज्ञांची पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त असल्याने रुग्णांची प्रचंड गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय’ असे विचारले, की ‘मोठ्या प्रमाणावर’ आणि ‘प्रचंड’ हे शब्द नाकारता येतात, आणि पद रिक्त असल्याचे मात्र नाकारता येत नाही. अशा वेळी ‘अंशतः खरे आहे’ हेच उत्तर सर्वांत सुरक्षित ठरते. शेवटच्या भागाचेही तसेच. विलंबाचे कारण ‘नसल्यास’ या अटीवर विचारलेले असते. कार्यवाही सुरू आहे असे एकदा म्हटले, की ती अट पुरी होत नाही आणि विलंबाबद्दल बोलण्याचे बंधनच उरत नाही. ती तीन महिने सुरू आहे की तीन वर्षे, हे मग कोणालाच कळत नाही.

हाच विषय पुढच्या अधिवेशनात असा विचारावा, असे आपण आमदारांना सुचवा : या रुग्णालयात भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांपैकी प्रतिनियुक्तीवर अन्यत्र असलेले किती, मागील आर्थिक वर्षात येथे किती प्रसूती झाल्या, त्यांत सिझेरियन किती, आणि किती गरोदर मातांना पुढच्या रुग्णालयात पाठवले, पद भरण्याची कार्यवाही कोणत्या दिनांकास सुरू झाली आणि ती कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण होईल. या प्रश्नात नाकारता येईल असे विशेषण एकही नाही. सारी माहिती रुग्णालयाच्या नोंदवहीत असते आणि ती देता येत नाही असे म्हणायला जागा राहत नाही. प्रतिनियुक्तीचा मुद्दा मुळीच सोडू नये, कारण कागदावर भरलेले पद आणि दवाखान्यात हजर असलेला डॉक्टर यांत पडणारे अंतर बहुतेक तेथेच असते. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचे आणि साधारण एक लाख वीस हजार लोकसंख्येसाठी, आदिवासी वा डोंगराळ भागात ऐंशी हजारांसाठी, असे मानक आहे. ते हाताशी ठेवून प्रश्न केला तर उत्तराची तुलना कशाशी करायची हे सभागृहालाही उमगते.

दोन गोष्टी आणखी ध्यानात घ्याव्यात. तारांकित प्रश्नावर सभागृहात तोंडी उपप्रश्न विचारता येतात, हे त्याचे खरे बळ आहे. पण प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत यादीतल्या थोड्याच प्रश्नांचा क्रमांक लागतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे), तर राज्यसभेत १५ आणि १६० प्रश्न असतात, आणि तेथेही तारांकितांपैकी बहुधा मोजकेच तोंडी चर्चेला येतात. म्हणून केवळ आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्नच विचारावा. तारांकित प्रश्न त्या विषयासाठी राखावा जेथे मंत्र्यांना उभे करून पुढचे विचारायचे आहे. दुसरी गोष्ट अशी की मंत्र्यांनी सभागृहात ‘हे पद भरण्यात येईल’ असे म्हटले, तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि तेथे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा आहे. आपल्या विधिमंडळातही ही समिती आहे, आणि आपल्या आमदारांनी तिच्याकडे या आश्वासनाची आठवण करून देणे हे मूळ प्रश्नाइतकेच मोलाचे काम आहे.

प्रश्न : रुग्णालयात मोठी दुर्घटना झाली की सभागृहात गदारोळ होतो, पण उत्तर कधी एक मंत्री देतात, कधी दुसरेच. जबाबदार नक्की कोण? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : महाराष्ट्रात सरकारी दवाखाना एकाच खात्याचा नाही, आणि या एका कारणाने कित्येक चांगले प्रश्न वाया जातात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले, ते महापालिकेचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले, तेही महापालिकेचेच. पुढे ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते. महापालिकांच्या कारभाराबद्दल सभागृहात उत्तर देण्याची पाळी नगरविकास विभागावर येते. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते, तर त्याच रस्त्यावर पुढे असलेले ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते.

औषधांच्या तुटवड्याचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा आहे. २०१७ पासून राज्यातील सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली होती. २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण करण्यात आले. तेव्हा औषध का नाही असे आरोग्य विभागाला मोघम विचारले, तर मागणी वेळेत नोंदवली होती असे उत्तर येते आणि ते खोटेही नसते. मागणी कोणत्या दिनांकास नोंदवली, पैसे कोणत्या दिनांकास वर्ग झाले, पुरवठा आदेश कधी निघाला आणि माल भांडारात कधी पोचला, या चार तारखा एकाच प्रश्नात मागितल्या तर अडथळा कोठे होता हे मंत्र्यांना न विचारताही दिसते. सदस्यांनी खात्याचे नाव घालण्याआधी दवाखान्याच्या पाटीवर कोणाचे नाव आहे एवढे पाहिले, तरी अर्धे काम होते.

दुर्घटना ताजी असताना तारांकित प्रश्न उपयोगी पडत नाही, कारण तो अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. अशा वेळी विधानसभेत नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, किंवा विषय व्यापक असेल तर नियम २९३ खालील चर्चा हीच साधने आहेत. प्रश्नाचे उत्तर अपुरे वाटल्यास अर्धा तास चर्चा मागता येते, आणि हे साधन आपले सदस्य फारच कमी वापरतात असे आम्हाला वाटते. गदारोळात कामकाज तहकूब झाले की मंत्र्यांना उत्तर द्यावे लागत नाही. मृतांच्या नातेवाइकांवर याहून मोठा अन्याय नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय, अर्थसाहाय्यासाठी तहसील, शाळेसाठी पंचायत समिती, असे आम्ही फिरत असतो. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला तरी फिरणे संपलेले नाही. आमदार याबद्दल काय विचारू शकतात? (एक माता, सांगली जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातच या विषयातली मुख्य अडचण आली आहे. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र केला. ही गोष्ट मोलाची आहे. परंतु प्रमाणपत्र देणारे डॉक्टर आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाचे, संजय गांधी निराधार योजनेचे साहाय्य सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाचे, शाळेतील विशेष शिक्षक शालेय शिक्षण विभागाचे आणि एसटीची सवलत परिवहन विभागाची, ही विभागणी तशीच राहिली. त्यामुळे एकाच मुलाच्या अडचणीबद्दल चार खात्यांना चार प्रश्न विचारावे लागतात आणि प्रत्येक खाते आपापल्या भागापुरते उत्तर देते.

सदस्यांच्या हाती येथे एक भक्कम आधार आहे, तो म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्याने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आणि सरकारी नोकरीतील आरक्षण तीनवरून चार टक्के केले. या कायद्यात विधिमंडळाला थेट भूमिका दिलेली आहे. कलम ६६ प्रमाणे राज्य सल्लागार मंडळावर विधिमंडळाचे तीन सदस्य असतात; जेथे दोन सभागृहे आहेत तेथे दोन विधानसभेने आणि एक विधान परिषदेने निवडायचा असतो. कलम ८३ प्रमाणे राज्य आयुक्तांचा वार्षिक अहवाल, त्यातील शिफारशींवर काय केले याच्या टिपणीसह, प्रत्येक सभागृहापुढे ठेवणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. तेव्हा पहिला प्रश्न अगदी साधा असू शकतो : मागील पाच वर्षांचे अहवाल कोणकोणत्या दिनांकास पटलावर ठेवले, कोणत्या शिफारशी स्वीकारल्या आणि ज्या नाकारल्या त्यांची कारणे काय, सल्लागार मंडळाच्या बैठका कोणत्या दिनांकांस झाल्या. याला तारीख हेच उत्तर आहे आणि तारीख नसेल तर तेही उत्तरच आहे.

कायद्यातील एखादे कलम वेळेवर विचारले गेले नाही तर काय होते, याचे उदाहरण अर्थसाहाय्याचे आहे. कलम २४ सांगते की इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना मिळणारी रक्कम किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावी. संजय गांधी योजनेत मात्र निराधार आणि दिव्यांग यांना सारखीच रक्कम मिळत होती. २०२३ मध्ये ती हजाराची दीड हजार झाली तीही सर्वांना सारखीच. जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांचे मानधन ही एक होती. त्याच वर्षी राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २,५०० रुपये केली. कायदा अमलात आल्यापासून मधली आठ वर्षे दोन्ही सभागृहांची अधिवेशने होत होती. ज्या हक्काचा आकडा कायद्यातच लिहिला आहे, तो मिळवायला कोणाला अन्नत्याग करावा लागू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. आता सदस्यांनी विचारायला हवे ते रक्कम दरमहा कोणत्या तारखेला खात्यात जमा होते, जिल्हानिहाय किती अर्ज प्रलंबित आहेत आणि सर्वांत जुना प्रलंबित अर्ज कोणत्या तारखेचा आहे.

स्थानिक संस्थांचा निधी हाही विचारण्याजोगा विषय आहे. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत प्रत्येकीने स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. ‘निधी खर्च करण्याच्या सूचना दिल्या आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नये; तालुकावार स्वउत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती, प्रत्यक्ष खर्च किती आणि अखर्चित रक्कम किती, एवढे मागावे. मूळ संख्येचीही विचारणा व्हायला हवी. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, पण त्या जनगणनेत आठच प्रकार विचारले होते. नियोजन त्या जुन्या आकड्यावर चालले आहे की दिव्यांगांना दिल्या जाणाऱ्या वैश्विक ओळखपत्रांच्या (यूडीआयडी) नोंदीवर, आणि त्या नोंदीत एकवीस प्रकारांपैकी प्रत्येकाचे किती लोक आहेत, हे ज्या दिवशी पटलावर येईल त्या दिवशी थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा स्वमग्नता असलेल्यांची उपेक्षा आकड्यांत दिसू लागेल.

प्रश्न : करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले होते. आम्ही तर ते दिवस डोळ्यांनी पाहिले. संसदेत असे उत्तर कसे चालते? (एक परिचारिका, नाशिक)

उत्तर : २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी दिलेल्या लेखी उत्तराचा आशय असा होता की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये मृत्यूंची माहिती केंद्राला नियमित कळवतात, आणि प्राणवायूच्या कमतरतेमुळे म्हणून स्वतंत्रपणे कोणत्याही राज्याने मृत्यू कळवलेला नाही. ज्यांनी आपले माणूस गमावले त्यांना हे वाचून काय वाटले असेल, ते आपल्याला सांगायला नको. पण उत्तर राज्यांच्या नोंदीवर बेतलेले होते आणि त्या नोंदीत तसा रकानाच वेगळा नसेल तर आकडा शून्यच येणार. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द करून फक्त लेखी उत्तरे दिली गेली, तेव्हाही बाधित वा मृत आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, कारण आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, असे उत्तर आले होते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये ही सहावी नोंद आहे आणि दिव्यांगांना साहाय्य ही नववी. केंद्राने या नोंदींचा आधार घ्यावा यात गैर काही नाही. मात्र खासदारांनी ते आधीच ओळखून प्रश्न केला पाहिजे. राज्यांकडून माहिती कोणत्या नमुन्यात, कोणत्या पत्राने आणि कोणत्या दिनांकास मागवली, कोणत्या राज्यांनी उत्तर दिले आणि कोणत्या राज्यांना स्मरणपत्रे गेली, हे सारे केंद्राच्याच अखत्यारीत आहे. मेळघाटात वर्षानुवर्षे हीच गोष्ट घडते. ‘कुपोषणाने किती बालके दगावली’ असे विचारले की मृत्यू न्यूमोनिया, कमी वजन, अतिसार अशा कारणांनी झाल्याचे उत्तर मिळते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत महिनावार किती बालकांचा मृत्यू झाला, मृत्यूसमयी त्यांचे वय आणि शेवटचे नोंदलेले वजन काय होते, किती मृत्यू घरी झाले, असे विचारले तर कारणाचा वाद बाजूला राहतो आणि मुले किती गेली ते कळते.

प्रश्न : गोव्यात विधान परिषद नाही आणि आमदार चाळीसच. आमच्यासारख्या लहान राज्यात ही साधने तितकी प्रभावी असतात का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : साधने तीच आहेत, आणि सदस्य कमी असल्याने एकेका आमदाराला विचारण्याची संधी अधिक मिळते. दिव्यांग कायद्याखालील सल्लागार मंडळावरचे तिन्ही लोकप्रतिनिधी आपल्याकडे विधानसभेतूनच निवडले जातात. पणजीत २०२३ पासून भरू लागलेल्या दिव्यांगांच्या पर्पल महोत्सवामुळे या विषयात देशाचे लक्ष गोव्याकडे वळले आहे, तर त्याच आधारे आपल्या आमदारांनी गावोगावची आरोग्य केंद्रे, पंचायत घरे आणि कदंब बसगाड्या यांतील सुगम्यतेची यादी सभागृहात मागावी.

प्रश्न : सामान्य नागरिकाने आपला विषय सभागृहात न्यावा कसा? (एक निवृत्त कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : विषय एका पानात लिहावा, जागा आणि तारखा घालाव्यात, पुराव्याच्या प्रती जोडाव्यात आणि अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी तो सदस्यांकडे पोचवावा. लोकसभेच्या प्रश्नासाठी किमान पंधरा पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि प्रश्न साधारणतः दीडशे शब्दांच्या आत बसावा लागतो, म्हणून लांबलचक निवेदनापेक्षा नेमका मसुदा दिलेला बरा. एका व्यक्तीची तक्रार, न्यायप्रविष्ट बाब, मत मागणारा किंवा ‘असे झाले तर’ असा प्रश्न स्वीकारला जात नाही. आपल्या घरातील रुग्णाचे नाव त्यात घालू नये. त्याच दवाखान्यात तसा अनुभव आलेल्यांची संख्या घालावी. आपल्या मतदारसंघाचे आमदार टाळाटाळ करीत असतील तर पदवीधर, शिक्षक किंवा स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांतून आलेले विधान परिषदेचे सदस्यही हा विषय घेऊ शकतात. विनंती अर्ज समितीचा मार्गही आहे. तेथे अर्ज सदस्यामार्फत सादर करावा लागतो.

राज्याच्या आरोग्य व्यवस्थेवरील भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात पटलावर आला आहे. तो जाहीर दस्तऐवज असल्याने आपल्या जिल्ह्याबद्दल त्यात काही आढळले तर मसुद्यात त्याचा उल्लेख जरूर करावा. लेखापरीक्षकांनी नोंदवलेली वस्तुस्थिती ‘हे खरे नाही’ म्हणून झटकणे कोणत्याही विभागाला जड जाते. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या गावाबद्दलचे उत्तर शोधून ते दवाखान्यातील परिस्थितीशी ताडून पाहावे आणि तफावत आढळल्यास सदस्यांना लेखी कळवावे. मंत्र्यांनी जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल तर तो हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. अनवधानाने दिलेली चुकीची माहिती निवेदन करून दुरुस्त करता येते, आणि ती दुरुस्तीही कामकाजात नोंदली जाते. पुढचे अधिवेशन अर्थसंकल्पी आहे, त्यात विभागवार मागण्यांवर कपात सूचनाही, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करावी अशा सूचना, देता येतात, तेव्हा आपला कागद आताच तयार करायला घ्यावा.